मक्ता, ठेका, निविदा : भिलाईच्या बांधणीच्या निमित्ताने

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात मोडत होते त्या जिल्ह्याचे सचिवालय नागपुरात होते. तत्कालीन मध्यप्रदेश राज्याची राजधानी नागपूर आणि राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन. ही व्यवस्था १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत टिकली. त्यानंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ भोपाळच्या कारभाराखाली आला आणि २००० साली वेगळे राज्य झाले. तरी सार्वजनिक बांधकामाचे काम कोणाला मिळावे आणि ते कसे मिळवावे, या व्यवहाराची जी परिभाषा भिलाईत रुळली, तिचा पूर्वेतिहास मराठी आणि हिंदी यांच्या सीमारेषेवरच शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात तो शोध घेण्याचा प्रयत्न आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी कंत्राटाच्या कागदांकडे का वळावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे सरळ उत्तर असे की, निविदा ही मुळात एक संहिता आहे. तिच्यात बोलणारा, ऐकणारा, अटी आणि मौने असतात. काम कोणाला मिळणार हे ती संहिता कोण कशी वाचतो यावर बव्हंशी ठरते. शिवाय ज्या दराने काम जिंकले जाते तो दर आणि काम उभे करण्यास प्रत्यक्ष येणारा खर्च यांतील अंतर कोणीतरी सोसलेले असते. हे अंतर सोसणारा माणूस त्या संहितेत सहसा येत नाही, आणि भिलाईच्या इतिहासात तो कोठे व कसा आला हे पाहणे या लेखाचे खरे प्रयोजन आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. या व्यवहारासाठी मराठीत एकाच वेळी निदान पाच शब्द नांदत आले आहेत आणि प्रत्येकाचे कूळ वेगळे आहे. ‘इजारा’ आणि ‘मक्ता’ अरबी-फारसीच्या वाटेने आले. मक्ता ज्या अरबी धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ ‘तोडणे’ असा आहे; रक्कम एकदा तोडून ठरविली की पुढचा नफानुकसान घेणाऱ्याचा. मोल्सवर्थच्या कोशाने हे दोन्ही शब्द नोंदविले आहेत. ‘गुत्ता’ हा द्राविडी भाषांकडून आला. मराठवाड्यात आजही बांधकामाचा कंत्राटदार ‘गुत्तेदार’ असतो. ‘कंत्राट’ हा शब्द युरोपीय खरा, मात्र तो पोर्तुगीजांकडून आला की इंग्रजीतून, याविषयी दोन्ही मते संभवतात. त्याचा सोबती ‘लिलाव’ मात्र निःसंशय पोर्तुगीज आहे. ‘ठेका’ हिंदीचा, आणि नागपूर ओलांडून पूर्वेस गेले की तोच एकटा उरतो. महाराष्ट्रात ‘कंत्राटी कामगार’ म्हणतात, भिलाईत ‘ठेका श्रमिक’.

अर्थांतराच्या दृष्टीने यांपैकी मक्त्याची गोष्ट सर्वांत उद्बोधक आहे. आजच्या मराठीत ‘मक्तेदारी’ म्हणजे एकाधिकार. बाजारात दुसरा कोणी नसणे, हा अर्थ इतका पक्का झाला आहे की मूळच्या बोलीचा आणि स्पर्धेचा मागमूसही त्यात उरलेला नाही. चढाओढीने मिळवायच्या गोष्टीचे नाव चढाओढ संपल्याच्या स्थितीला लागावे, यात लोकांचा अनुभव बोलतो असे मला वाटते.

‘निविदा’ हा शब्द या सर्वांहून तरुण. भारतीय भाषांतील शासनव्यवहारासाठी विसाव्या शतकात संस्कृताधारित परिभाषा घडविण्यात आली आणि तिच्याद्वारे तो हिंदी व मराठी या दोहोंत स्थिर झाला. ‘नि’ पूर्वक ‘विद्’ म्हणजे जाणविणे, कळविणे. निवेदन त्यातलेच, नैवेद्यही त्यातलाच. वैदिक कर्मकांडात शस्त्रपठणाच्या मध्ये घालावयाच्या लहान सूत्रांना ‘निविद्’ म्हणत. देवतेपुढे ठेवावयाचे आणि कार्यकारी अभियंत्यापुढे ठेवावयाचे यांचे मूळ एक निघावे, हा योगायोग परिभाषाकारांनी हेतुपुरस्सर साधला असेल असे नाही. कंत्राटदार मात्र हा शब्द फारसा वापरीत नाहीत, ते ‘टेंडर भरतात’. ‘अनामत’ या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. अरबी ‘अमानत’ मराठीत येताना त्यातील वर्णांची अदलाबदल झाली आणि अनामत रूढ झाले. छत्तीसगढच्या कागदांत ‘अमानत’ मूळ रूपात टिकून राहिली आणि तिच्याशेजारी ‘धरोहर राशि’ आली. बोली लावण्यापूर्वी जी रक्कम अडकवून ठेवावी लागते तिला आपण ‘बयाणा’ म्हणतो, कोठे ‘इसारा’.

शब्दांची ही यादी केवळ कोशाची बाब नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, बिंबाजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर म्हणजे १७८७ पासून, छत्तीसगढात सुभेदारी सुरू झाली. महिपतराव दिनकर हा पहिला सुभेदार. त्याच्यानंतरच्या विठ्ठल दिनकराने जुन्या गढांची रचना मोडून परगणे केले आणि परगण्यांवर कमाविसदार नेमले. नागपूरला ठरीव रक्कम पोचवावी आणि वरचे आपले, असे या सुभेदारीचे स्वरूप इतिहासकारांनी इजाऱ्यासारखेच मानले आहे. इजाऱ्यात जो अधिक देईल त्याला हक्क मिळतो. बांधकामाच्या निविदेत जो कमी मागेल त्याला काम मिळते. वरवर पाहता या दोन परस्परविरुद्ध रीती आहेत. परंतु पहिल्यात चढविलेली बोली रयतेकडून वसूल होई आणि दुसऱ्यात उतरविलेला दर मजुराच्या रोजातून भरून निघतो. बोली चढो वा उतरो, फरक एकाच दिशेने खाली जातो. भोसल्यांचा इजारा आणि भिलाईचा ठेका यांना एका लेखात आणण्याचे समर्थन एवढेच आहे.

आधुनिक अर्थाने सार्वजनिक बांधकामाचे मोठे कंत्राट मराठी मुलुखाने प्रथम पाहिले ते भोर घाटात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या त्या कामाचे कंत्राट विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने घेतले होते. मजुरी थकली, पोटकंत्राटदार आणि मुकादम यांच्या साखळीत पैसा अडला, आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाय ठेवल्यानंतर अल्पावधीतच मरण पावला आणि पुढील काम त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, अभियंत्यांच्या साहाय्याने तडीस नेले. घाट १८६३ साली खुला झाला. १८६१ साली तेथे ४२,००० च्या आसपास माणसे राबत होती, असे रेल्वेबांधणीचे इतिहासकार इयन कर यांनी दाखविले आहे. दंगलीचा परिणाम म्हणून जो कायदा आला तो १८६० चा. रेल्वे, कालवे आणि तत्सम सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, अशी त्यात तरतूद होती. पण करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही होती. बुडविलेल्या मजुरीमुळे पेटलेल्या तंट्याचे उत्तर मजुरावरच काही अंशी उलटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यानंतरच्या पिढीत देशी माणसे या व्यवसायात उतरली, आणि येथे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक ओळखीचे नाव भेटते. जोतीराव फुले हे कंत्राटदार होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, मुठेच्या कालव्याचे काम यांचा उल्लेख त्यांच्या चरित्रकारांनी केला आहे. पब्लिक वर्क्स खात्यातील कारकून-अभियंत्यांच्या लाचखाऊपणावर फुल्यांनी गद्यात आणि पद्यातही जे प्रहार केले, ते बाहेरून पाहणाऱ्याचे नव्हते. मोजमाप कसे घेतले जाते, हजेरीपटावर नावे कशी चढतात, बिल कोठे अडते, हे त्यांना कंत्राटदाराच्या जागेवरून दिसले होते. सत्यशोधक समाजाच्या मुंबई शाखेचा आर्थिक कणा ज्या तेलुगू मंडळींनी दिला, त्यांतही व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू यांसारखे बांधकामाचे कंत्राटदार होते. मुंबई उभारणाऱ्या कामाठी समाजाचे हे पुढारी. एकोणिसाव्या शतकातील मराठी सामाजिक विचाराच्या एका प्रमुख धारेला बांधकामाच्या कंत्राटांतून द्रव्यबळ मिळाले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच ठळकपणे मांडली जाते.

काम कसे मिळवावे याचे जे शास्त्र पुढे तयार झाले, त्याचा नमुना म्हणून वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या आरंभकाळाकडे पाहता येते. गं. दे. खानोलकरांनी, म्हणजे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’च्या कर्त्यानेच, त्यांचे चरित्र लिहिले आहे. सोलापूरच्या सावकारी घराण्यातील वालचंदांजवळ पत होती. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि तेथील कागदांची भाषा त्यांना येत होती. एकाची ऐपत आणि दुसऱ्याचे कचेरीचे ज्ञान यांच्या जोडणीतून फाटक-वालचंद ही पेढी उभी राहिली. तिला तिसरा घटक लागे तो टोळ्यांचा. वेळेवर मजूर आणून देणारे मुकादम हाताशी नसतील तर पहिल्या दोहोंचा उपयोग शून्य. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली आणि भोर घाटातील नव्या बोगद्यांसारखी कामे देशी कंपनीच्या नावावर आली. पत, कागद आणि टोळी ही त्रयी मात्र तीच राहिली. पुढील काळात पतीचे नाव ‘ऐपतीचा दाखला’ आणि ‘वार्षिक उलाढाल’ असे झाले, कागदाचे नाव ‘तांत्रिक लिफाफा’ झाले. टोळीला कोणतेही नवे नाव मिळाले नाही.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास तीन पोलाद कारखाने जवळजवळ एकाच वेळी उभे राहू लागले, आणि बांधकाम देण्याच्या तीन भिन्न रीती शेजारी शेजारी पाहावयास मिळाल्या. दुर्गापूरचे काम तेरा ब्रिटिश कंपन्यांच्या संघाने एकत्रितपणे घेतले आणि चालू कारखाना हवाली करण्याचे दायित्व त्या संघावर होते. राउरकेल्यात जर्मन सल्लागार आणि वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे अनेक पुरवठादार, अशी विभागणी होती. त्यांचा मेळ घालताना व्यवस्थापनाची दमछाक झाली. भिलाईत आराखडे, यंत्रे आणि देखरेख करणारे तज्ज्ञ सोव्हिएत संघाचे होते. त्यासाठी अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे कर्जही त्यांनीच दिले. परंतु प्रत्यक्ष बांधणी हिंदुस्तान स्टील या सरकारी कंपनीने आपल्या हाती ठेवली आणि ती भारतीय कंत्राटदारांकडून करवून घेतली. खोदाई, पाये, काँक्रीट, नगरवसाहतीची घरे, रस्ते, पाण्याच्या वाहिन्या, ही सारी कामे तुकड्या-तुकड्यांनी दिली गेली. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. करारावर स्वाक्षऱ्या झाल्यापासून ही अवघी चार वर्षे.

तुकड्यांनी काम देण्याचा एक लाभ असा की लहान कंत्राटदाराला शिरकाव मिळतो. तोटा असा की साखळी लांबते. मुख्य ठेकेदाराखाली ‘पेटी ठेकेदार’ आला. छत्तीसगढच्या बोलव्यवहारातील हा शब्द पेटीशी संबंध नसलेला आहे. इंग्रजीतील ‘पेटी’, म्हणजे क्षुल्लक, किरकोळ, या विशेषणाचा तो अवशेष आहे. त्याच्याखाली मुकादम, त्याच्याखाली नवरा-बायकोची जोडी मिळून काम करणारे मजूर. या परिसराचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने आसपासच्या खेड्यांतील एका अफवेची नोंद केली आहे. कारखान्याच्या पायात माणसांचे बळी दिले जातात, असे त्या काळी लोक बोलत. अशी अफवा जगभर पूल आणि धरणे यांच्या भोवती आढळते, त्यामुळे लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तिच्यात नवे काही नाही. भिलाईत तिला मिळालेल्या श्रोत्यांची संख्या मात्र विचार करावयास लावते.

१९६४ साली सरकारने एक वेगळाच मार्ग निवडला. पोलाद कारखान्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्तान स्टीलवर्क्स कन्स्ट्रक्शन ही स्वतःची कंपनी काढली. येथे चढाओढीचा प्रश्न फारसा येत नव्हता, कारण सरकारी कारखान्याचे काम सरकारी कंपनीला नामनिर्देशनाने देता येत असे. भिलाईची क्षमता १९६७ पर्यंत पंचवीस लाख टनांवर आणि १९८८ पर्यंत चाळीस लाख टनांवर नेण्यात आली. दोन विस्तारांच्या मधला काळ हा या कंपनीचा कायमचा प्रश्न होता. कामावर घेतलेली माणसे कायम, आणि काम मात्र लाटेसारखे येणारे व ओसरणारे. पुढे खुल्या स्पर्धेत तिला खाजगी कंपन्यांशी दराने झुंजावे लागले, तेव्हा कायम नोकरांचा खर्च तिच्या देकारात मोजला जाऊ लागला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या देकारात नव्हता. कर्जात रुतलेली ही कंपनी २०१७ साली एनबीसीसी या दुसऱ्या सरकारी बांधकाम कंपनीची उपकंपनी झाली. अर्थशास्त्रज्ञ या कहाणीत अकार्यक्षमता पाहतील, आणि ती तेथे होतीच. तथापि कमी दराचा अर्थ नेमका काय, हेही तीच कहाणी दाखविते.

आता प्रत्यक्ष संहितेकडे यावे. जुन्या मुंबई इलाख्याच्या परंपरेतील बांधकाम खात्यात ‘बी-१’ आणि ‘बी-२’ असे निविदेचे दोन नमुने प्रसिद्ध आहेत. बी-१ मध्ये खात्याने प्रत्येक बाबीचा दर छापलेला असतो आणि कंत्राटदार फक्त एक आकडा लिहितो, अंदाजापेक्षा इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जादा. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर त्याने स्वतः लिहावयाचा, अंकी आणि अक्षरी. पहिल्या नमुन्यात लेखकत्व खात्याचे, कंत्राटदार केवळ स्वर लावतो. दुसऱ्यात तो सहलेखक होतो. अनुभवी कंत्राटदार दोन्हींत एकच गोष्ट आधी पाहतो, ती म्हणजे विशेष अटी. खडक किती खोलीवर लागेल याची जबाबदारी कोणावर, पोलाद-सिमेंटचे भाव चढले तर फरक मिळणार की नाही, दोषदायित्वाची मुदत किती, जागा केव्हा ताब्यात मिळणार? दर हा या अटींच्या वाचनाचा निष्कर्ष असतो. अटी न वाचता ज्याने कमी दर लावला तो काम जिंकतो आणि बुडतो. ज्याने त्या नीट वाचून कमी दर लावला त्याला फरक कोठून काढावयाचा हे आधीच ठाऊक असते. याखेरीज काही साध्या गोष्टींवर काम जाते. बयाण्याचा कागद ठरलेल्या नमुन्यात नाही, अनुभवाच्या दाखल्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख नाही, एका पानावर सही राहिली. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पहिल्यात उणीव निघाली तर दुसरा, दराचा, उघडलाच जात नाही. ई-निविदा आल्यानंतर लिफाफे अदृश्य झाले, पण शब्द टिकून राहिला.

शब्दाला येथे किती वजन असते, याचे उत्कृष्ट उदाहरण बांधकामाबाहेरचे आहे. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहासाठी निघालेल्या निविदेत अर्जदार हा निदान पाच वर्षांचा अनुभव असलेला ‘नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाचा हॉटेलचालक’ असावा, अशी अट होती. ज्याला काम दिले गेले तो त्या वर्णनात बसत नव्हता. रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राज्यसंस्थेने जी कसोटी स्वतः छापली तिला ती स्वतः बांधलेली आहे. अटीचा अर्थ सोयीप्रमाणे सैल करता येणार नाही. अट छापून आल्यावर ती लिहिणाऱ्याच्या मनातल्या अर्थाने वाचावी की जाहिरात वाचणाऱ्या सर्वसामान्य इच्छुकाच्या अर्थाने, या प्रश्नाला न्यायालयाने दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. वाचककेंद्री समीक्षेशी परिचित असलेल्यांना हा निकाल मूळातून वाचण्याची शिफारस करावीशी वाटते. त्या दाव्यात अर्जदाराला मात्र काही मिळाले नाही. विलंब आणि अन्य कारणे दाखवून न्यायालयाने दिलासा नाकारला.

काम मिळाल्यावर दुसरी एक संहिता सुरू होते, ती म्हणजे मोजमाप पुस्तिका. तिची पाने क्रमांकित असतात आणि फाडता येत नाहीत. चुकीची नोंद खोडून पुसावयाची नाही, आडवी रेघ मारून शेजारी नवी लिहावयाची आणि सही करावयाची. देयक तिच्यावरूनच निघते. खोदलेली माती, ओतलेले काँक्रीट, बसविलेली सळई, सर्वांचे लांबी-रुंदी-उंचीत भाषांतर तिच्यात होते. काम करणाऱ्याचे नाव तिच्यात येत नाही.

ते नाव भिलाईच्या व्यवहारात प्रथम मोठ्याने उच्चारले गेले दल्ली-राजहऱ्याला. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या या खाणींत खोदाई आणि भराई ठेकेदारांमार्फत होत असे. हे बांधकाम नव्हे, हे मान्य. पण काम देण्याची रीत, बयाणा, कमी दर आणि मुकादम यांची साखळी एकच होती. १९७७ च्या आरंभी झालेल्या बोनसच्या समझोत्यात कायम कामगाराला ३०८ रुपये आणि ठेका श्रमिकाला ७० रुपये ठरले. एकाच डोंगरावर, एकाच खनिजासाठी. श्रमिक जुन्या संघटना सोडून बाहेर पडले, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला आणि शंकर गुहा नियोगी त्याचे नेते झाले. पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी शंभर रुपये मिळावेत, ही त्यांची एक मागणी होती. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या गोळीबारात अकरा जण ठार झाले. अनुसूयाबाई ही त्यांतली एक. संघाने पुढे मजुरीचा लढा जिंकला, दारूबंदी केली आणि ३ जून १९८३ रोजी शहीद रुग्णालय सुरू केले. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली.

ठेकेदाराला वगळून मजुरांच्या सहकारी संस्थेलाच काम द्यावे, हा पर्यायही या खाणींत अजमावला गेला. महाराष्ट्रातील वाचकाला तो अपरिचित नाही. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लहान कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले कंत्राटदार यांच्यात ३३, ३३ आणि ३४ टक्के अशी वाटण्याची रीत रूढ झाली. पहिल्या दोघांना स्पर्धा न करता काम मिळावे असा तिचा हेतू. मजूर संस्थेच्या नावामागे प्रत्यक्षात एखादा कंत्राटदार उभा असतो, अशी तक्रार तेवढीच जुनी आहे. संस्थेच्या सभासदांच्या यादीला हजेरीपटाशी ताडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतल्याचे फारसे दिसत नाही.

कायद्याने या मौनाला शब्द देण्याचा प्रयत्न १९७० साली केला. त्या वर्षीच्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ‘मुख्य मालक’ ही संकल्पना आणली. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मुख्य मालकाने भरावी. त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार, मुख्य मालकाचा कायम कामगार आणि कंत्राटी कामगार तेच किंवा तशाच प्रकारचे काम करीत असतील तर वेतनही तेच असावे. या तरतुदी २०२० च्या श्रमसंहितांमध्ये काही फेरफारांसह सामावून घेण्यात आल्या. निविदेच्या अटींत किमान वेतनाचे कलम असते आणि कंत्राटदार त्यावर सही करतो. परंतु देकारांची तुलना करताना, मजुरीचा भाग धरूनही हा दर शक्य आहे काय, असा प्रश्न विचारण्याची सक्ती फार थोड्या ठिकाणी आहे. अंदाजापेक्षा फार खाली आलेल्या देकारासाठी जादा अनामत मागतात. ती अनामत काम अर्धवट राहू नये म्हणून असते. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्रीय अर्थमंत्रालयाने काही कामांसाठी गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा दिली आणि किमान दराच्या एकछत्री अमलाला थोडा छेद गेला. त्या गुणांत कंत्राटदाराचा अनुभव व यंत्रसामग्री मोजली जाईल हे उघड आहे. त्याच्या टोळीला तो काय देतो हेही मोजले जावे, अशी अपेक्षा येथे नोंदवून ठेवतो.

पॅरी यांनी २०२० साली प्रकाशित केलेल्या आपल्या ग्रंथात भिलाईतील श्रमजीवी वर्गाची विभागणी तेथील लोकांच्याच दोन शब्दांवर उभी केली आहे, ‘नौकरी’ आणि ‘काम’. कारखान्यात असते ती नौकरी, ठेकेदाराकडे असते ते काम. मराठीतही हे दोन शब्द असेच वापरले जातात, आणि लग्नाच्या बोलणीत त्यांतला फरक सर्वांना कळतो. साहित्यात मात्र या दुसऱ्या शब्दाच्या वाट्याला कमी पाने आली. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांची ‘पहला पड़ाव’ (१९८७) ही कादंबरी इमारतीच्या बांधकामावर घडते आणि तिच्यात छत्तीसगढातून, बिलासपूरकडून, परमुलखात गेलेले मजूर आहेत. मराठीत विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणाच्या बाजूने या जगाकडे येते. तिचे केंद्र मात्र विस्थापित शेतकरी आहे. धरण ज्यांनी बांधले त्यांची कादंबरी हा वेगळा विषय आहे. दोन भाषांतील या फरकाचे कारण स्थलांतराच्या दिशेत शोधावे की वाङ्मयप्रकारांच्या घडणीत, हे या चर्चापीठावरील तज्ज्ञांनी ठरवावे.

या प्रश्नावरील सर्वांत दूरगामी निकाल भिलाईचाच मालक असलेल्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो. स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या कलकत्त्यातील मालसाठ्यांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगारांसंबंधी हा वाद होता. पश्चिम बंगाल सरकारने १९८९ साली तेथील कंत्राटी पद्धतीस मनाई केली होती. मग ते कामगार आपोआप कंपनीचे झाले काय? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३० ऑगस्ट २००१ रोजी नकारार्थी उत्तर दिले आणि आधीचा, १९९६ च्या अखेरीस दिलेला, कामगारांच्या बाजूचा निर्णय मोडीत काढला. एक दार मात्र उघडे ठेवले. कंत्राट हे खरे नसून केवळ देखावा आहे, मालक-नोकर संबंध झाकण्यासाठी पांघरलेला कागद आहे, असे सिद्ध झाले तर तो कामगार मुख्य मालकाचाच ठरेल. मात्र हे ठरविण्यासाठी औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुरावा मांडावा लागेल. म्हणजे हजेरी कोण घेत होते, कामाचे हुकूम कोण देत होते, अवजारे कोणाची होती, पगाराच्या कागदावर सही कोणाची होती आणि ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहिली काय, असे एकेक प्रश्न. निविदेत, करारनाम्यात आणि मोजमाप पुस्तिकेत ज्याचे नाव नसते, त्याने आपले असणे याच कागदांतून सिद्ध करून दाखवावयाचे असते.